मुलूखमैदान: अहमदनगरच्या भट्टीतली तोफ

पाणिपतची लढाई जिंकून बाबराला जेमतेम सहा महिने झाले होते. आग्रा हाती आलं होतं, पण बयान्यासारखे किल्ले अजून शरण यायचे होते आणि ते फोडायला मोठी तोफ हवी होती. उस्ताद अली कुली या ओतकाम जाणणाऱ्या तोफचीला तशी आज्ञा झाली. सगळी सिद्धता झाल्यावर उस्तादाने निरोप पाठवला आणि २२ ऑक्टोबर १५२६ रोजी बाबर स्वतः ओतकाम पाहायला गेला.

साच्याभोवती आठ भट्ट्या बांधलेल्या होत्या. प्रत्येक भट्टीच्या तळापासून एकेक पाट साच्यापर्यंत आणलेला होता. भट्ट्यांची तोंडं फोडली तसा धातूचा रस पाण्यासारखा धावत साच्यात उतरू लागला. साचा भरत आला आणि एकेका पाटातली धार थांबली. भट्टीत काही खोट होती की धातूचा हिशेब चुकला होता, ते कुणाला कळेना. साचा मात्र पुरता भरला नव्हता. उस्ताद अली कुलीची अशी अवस्था झाली की साच्यातल्या उकळत्या रसात उडी टाकायला तो निघाला. बाबराने त्याची समजूत घातली, मानाचा पोशाख दिला आणि त्याची लाज राखली. एक-दोन दिवसांनी साचा निवला. तो फोडून पाहिला तर दगडी गोळा बसायची नळी निर्दोष निघाली होती. दारूची कोठी वेगळी ओतायची होती आणि ते काम सोपं होतं. उस्तादाने आनंदाने तसं कळवलं. पुढच्या फेब्रुवारीत या तोफेची चाचणी झाली तेव्हा गोळा १,६०० पावलं लांब गेला.

हे सगळं बाबराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तोफ कुणी डागली, कुणावर डागली याच्या हकिकती इतिहासात पुष्कळ सापडतात. तोफ कशी ओतली, ओतताना कारागिराच्या जिवाची कशी घालमेल झाली, हे सांगणारी नोंद विरळा. म्हणूनच तेवीस वर्षांनी दख्खनमध्ये जे घडलं ते समजून घ्यायला आग्र्याची ही हकिकत उपयोगी पडते. कारण अहमदनगरला ओतली गेलेली तोफ आग्र्याच्या तोफेसारखी दोन तुकड्यांत विभागलेली नव्हती, आणि तिच्यामागे तिथल्या उस्तादाची घालमेल नोंदवणारा बाबरही नव्हता.

मराठीत गर्जणाऱ्या वक्त्याला आजही मुलूखमैदान तोफ म्हणतात. ती तोफ म्हणजे फारसी लेखांतली मलिक-ए-मैदान, रणमैदानाचा राजा. ती आज कर्नाटकात विजापूरच्या, म्हणजे विजयपूरच्या, तटावर आहे आणि बहुतेकांच्या मनात ती विजापूरचीच म्हणून नोंदलेली आहे. पण तिचा जन्म अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. तिच्यावरच्या लेखात निजामशहाचं नाव आहे, हिजरी सन ९५६ आहे आणि ओतणाऱ्याचं नावही आहे: महंमद बिन हुसेन रूमी. हिजरी ९५६ म्हणजे इसवी सन १५४९. अहमदनगरच्या गादीवर तेव्हा पहिला बुऱ्हाण निजामशहा होता.

तोफेची लांबी १४ फूट ४ इंच, जाडी जवळपास ५ फूट, नळीचं तोंड २ फूट ४ इंच. वजन ५५ टन सांगितलं जातं. लांबी, जाडी आणि पोकळी यांवरून गणित मांडलं तरी आकडा पन्नास टनांच्या पुढेच जातो. कॉन्स्टँटिनोपल घेणाऱ्या सुलतान दुसऱ्या महंमदासाठी १४६४ साली ओतलेली आणि आता इंग्लंडमध्ये असलेली प्रसिद्ध तुर्की तोफ साधारण १७ टनांची आहे, आणि तीही स्क्रूसारखे आटे पाडून जोडलेल्या दोन भागांची. मॉस्कोच्या क्रेमलिनमधली झार तोफ १५८६ मधली. तिचं तोंड मुलूखमैदानपेक्षा मोठं, पण वजन ४० टनांच्या आत. म्हणजे १५४९ साली अहमदनगरच्या ओतशाळेत जे काम झालं, ते त्या काळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या ओतकामांपैकी एक होतं. तोफेची कीर्ती रणांगणावरची म्हणून सांगितली जाते. तिचं खरं मोठेपण मात्र ओतशाळेतलं आहे.

रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला माणूस. सोळाव्या शतकात तोफा ओतण्याची विद्या इस्तंबूलच्या ओतशाळांतून जहाजांवर चढून अरबी समुद्राच्या काठाला लागली होती. १५३१ साली मुस्तफा नावाचा तुर्क येमेनहून तोफा आणि माणसं घेऊन दीवला आला. गुजरातच्या बहादूरशहाने त्याला रूमी खान हा किताब दिला. पुढे तो हुमायूनच्या चाकरीत गेला. असे किती तरी रूमी खान त्या काळच्या दरबारांत दिसतात. पोर्तुगीज दुसऱ्या बाजूने आपल्या तोफा आणि आपले ओतारी घेऊन गोव्यात आणि चौलजवळ रेवदंड्याला ठाण मांडून बसले होते. दख्खनच्या सुलतानांना दोन्हीकडची विद्या दिसत होती आणि दोन्हीकडची माणसं पगारावर मिळत होती. अहमदनगरच्या दरबारात इराणी, तुर्क, हबशी आणि मराठे एकत्र नांदत होते. तिथे एका तुर्की ओताऱ्याला असं अचाट काम सोपवलं जाणं त्या काळात नवलाचं नव्हतं.

नवल आहे ते धातूचं. इथे तांबं थोडंफार तरी निघत होतं. कथील जवळजवळ सगळं समुद्रापलीकडून यायचं. त्या काळी कथलाचा मोठा साठा मलायाच्या बाजूला होता आणि १५११ पासून मलाक्काचं बंदर पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं. निजामशाहीचं बंदर होतं चौल. बंदरात उतरलेला धातू घाट चढून वर आणायचा तो बैलांच्या पाठीवर. एका बैलावर शे-सव्वाशे किलोचं ओझं धरलं तर या एका तोफेच्या धातूसाठी साडेचारशे-पाचशे बैलांचा तांडा लागतो. त्यातलं कथीलच दहा-अकरा टन भरतं.

साच्याची तयारी महिनोन्‌महिने चालत असणार. महंमद रूमीने नेमकं काय केलं याचा कागद मागे नाही, पण त्याच काळात, १५४० साली, इटलीत बिरिंगुच्चो या ओतकाम करणाऱ्या लेखकाचा ग्रंथ छापून निघाला आणि त्यात तोफ ओतण्याची रीत पायरी-पायरीने दिलेली आहे. चिकणमातीत शेण आणि लोकरीची कातरण मळून माती तयार करायची. आकाराच्या मेढीवर ती थरावर थर चढवायची, प्रत्येक थर वाळवायचा आणि मगच पुढचा द्यायचा. मातीतले हे पदार्थ भाजताना जळून जातात आणि मागे बारीक छिद्रं सोडतात. रस ओतल्यावर साच्यातली वाफ आणि वायू त्या छिद्रांतून बाहेर पडतात. माती जराही ओली राहिली तर आत वाफ कोंडते, धातूत पोकळ्या राहतात, आणि वाईटात वाईट म्हणजे साचा फुटून उकळता रस आसपासच्या माणसांवर उडतो.

मुलूखमैदानच्या तोंडाशी जबडा वासलेल्या सिंहाचं मुख आहे आणि त्याच्या दातांत सापडलेला हत्ती आहे. नक्षी आणि अक्षरं असलेले असे भाग मेणात घडवून साच्यात घेण्याची रीत भारतातल्या ओताऱ्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक होती. मेणाचा आकार मातीत लपेटायचा, माती भाजायची, मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी धातू जातो. देवळातल्या हातभर उंचीच्या मूर्ती याच रीतीने होतात. इथे मात्र मूर्तीऐवजी माणसाच्या दुप्पट उंचीची तोफ होती.

गाभा ही आणखी एक अडचण. तोफेची नळी पोकळ हवी, म्हणून साच्याच्या मध्यभागी मातीचा गाभा उभा करावा लागतो. त्याच्यात लोखंडी सळ्या घालून तो दोन्हीकडे पक्का धरावा लागतो. रस चढू लागला की हलका गाभा वर उचलला जाऊ पाहतो. तो बोटभर जरी सरकला तरी नळीची भिंत एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते. भरीव तोफ ओतून मग भोक पाडण्याचं यंत्र युरोपात अठराव्या शतकात आलं. तोवर जगभरच्या ओताऱ्यांचा जीव या गाभ्यावर टांगलेला असे.

तयार साचा खड्ड्यात उतरवायचा आणि चहूबाजूंनी माती ठोकून भरायची. हे काम दुय्यम वाटतं, पण यशापयश त्यावरच ठरतं. साडेचार मीटर उंचीचा साचा उभा भरला तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर ३८ टनांच्या आसपास दाब पडतो. मातीचा साचा तो स्वतःच्या बळावर सोसू शकत नाही. भोवतालची ठोकलेली जमीनच त्याला आवळून धरते.

मग येतो ओतायचा दिवस. मुशीत धातू वितळवून एकेक मूस ओतत बसलं तर पन्नास टनांसाठी हजारो मुशी लागतील आणि पहिली ओत गोठल्यावर दुसरी तिच्यावर पडेल. अशा सांध्यावर धातू एकजीव होत नाही आणि पहिल्याच बाराला तोफ तिथून फाटते. म्हणून मोठमोठ्या भट्ट्या साच्याभोवती लावायच्या, सगळ्यांतला धातू एकाच वेळी तयार ठेवायचा आणि एकापाठोपाठ एक पाट सोडायचे. आग्र्याला हेच साधलं नव्हतं. ओतकामात आधी तांबं वितळवतात आणि कथील शेवटी घालतात, कारण कथील हवेशी लागून लवकर जळतं आणि त्याचं प्रमाण बिघडतं. ओल्या लाकडाच्या वाशाने रस ढवळायचा, वरची मळी काढायची, रंग पाहायचा. तापमापक नव्हता. रसाचा रंग, त्याचं उसळणं आणि उस्तादाचे डोळे एवढ्यावर सगळं चालायचं. अहमदनगरला किती भट्ट्या पेटल्या होत्या, किती भाते रात्रंदिवस फुंकले जात होते, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण समोर उभी असलेली तोफच साक्ष देते की त्या दिवशी पाट आटला नाही.

आता धातूकडे वळू. जुन्या इंग्रजी नोंदींत या तोफेच्या धातूचं विश्लेषण दिलेलं आहे: तांबं ८०.४२७ टक्के आणि कथील १९.५७३ टक्के. धातुकाम जाणणारा वाचक या आकड्यांपाशी थबकतो. कारण तोफेसाठी ओताऱ्यांनी शतकानुशतकं पसंत केलेलं प्रमाण आहे नव्वद भाग तांबं आणि दहा भाग कथील. असा धातू चिवट असतो. बार उडाला की किंचित ताणतो, तुटत नाही. कथील वाढवत नेलं की धातू कठीण होतो आणि त्याच बरोबर ठिसूळही होतो. वीस-बावीस टक्क्यांपाशी जो धातू मिळतो तो तोफेचा नव्हे, घंटेचा. आपल्या घरातलं काशाचं ताटही जवळपास याच प्रमाणातलं. टिचकी मारली की ते सुरेल वाजतं, आणि हातून फरशीवर पडलं की तडकतं. मुलूखमैदानवर हाताने ठोकलं तर घंटेसारखा नाद येतो असं पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. तो नाद कथलाचा आहे.

मग रूमीला हे कळत नव्हतं का? तसं मानायला जागा नाही. इस्तंबूलच्या परंपरेतल्या माणसाला तोफेचा आणि घंटेचा धातू यांतला फरक ठाऊक असणारच. कारण ओतकामाच्या अंगाने शोधलं तर उत्तर मिळतं. शुद्ध तांबं १,०८५ अंश सेल्सियसला वितळतं. ते दाट वाहतं, वायू शोषून घेतं आणि गोठताना छिद्रं सोडतं. वीस टक्के कथील घातलं की मिश्रण नऊशे अंशांच्या खालपर्यंत पातळ राहतं आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत, सिंहाच्या दातांत आणि हत्तीच्या सोंडेत शिरतं. पन्नास टन रस अनेक भट्ट्यांतून एका साच्यात एकजीव व्हायचा असेल तर हे दीडदोनशे अंश लाखमोलाचे ठरतात. कोळसा कमी लागतो, पाटात रस गोठण्याचं भय कमी होतं आणि भट्ट्यांचा मेळ जमवायला वेळ मिळतो. ठिसूळपणाची भरपाई जाडीने केलेली दिसते. मापांवरून नळीची भिंत सुमारे ४० सेंटिमीटर जाड भरते. रूमीने चिवटपणा सोडून ओतण्यातली खात्री घेतली असावी, असं हे आकडे सुचवतात. तोफ आजवर फुटलेली नाही, तेव्हा त्याचा हिशेब चुकला असंही म्हणता येत नाही.

त्या काळच्या दख्खनमध्ये लोखंडाच्याही मोठ्या तोफा होत्या, पण त्या ओतलेल्या नव्हत्या. विजापूरच्या उपळी बुरुजावर ३० फूट ८ इंच लांबीची लोखंडी तोफ आहे. लांब पट्ट्या नळीसारख्या उभ्या मांडायच्या, त्यांवर तापवलेली कडी चढवायची आणि घणाने ठोकून सगळं एकजीव करायचं, अशी तिची घडण. लोखंड वितळायला १,५३८ अंश उष्णता लागते आणि इथल्या भट्ट्या तिथवर जात नव्हत्या. त्यांतून निघे तो लोखंडाचा सच्छिद्र गोळा. तो ठोकून शुद्ध करावा लागे. लोखंडात कर्ब मुरवून केलेलं बीड त्यापेक्षा पुष्कळ कमी उष्णतेला वितळतं, पण ते ढिगाने काढायला उंच झोतभट्टी हवी. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात १५४३ च्या सुमाराला अशा भट्टीतून बिडाच्या तोफा एकसंध ओतल्या जाऊ लागल्या होत्या. त्या काशाच्या तोफांपेक्षा जड आणि ओबडधोबड होत्या, पण किमतीला फारच स्वस्त. अहमदनगरला काशाच्या ओतकामाचा कळस चढत होता तेव्हाच साता समुद्रांपलीकडे त्याला मागे टाकणारी वाट पडली होती. दख्खनमध्ये लोखंडी तोफ लोहाराची आणि काशाची तोफ ओताऱ्याची, ही विभागणी मात्र पुढेही दीर्घ काळ टिकली.

ओतल्यानंतर सोळा वर्षांनी, जानेवारी १५६५ मध्ये, दख्खनच्या सुलतानांची विजयनगरशी तालिकोटची लढाई झाली. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की हुसेन निजामशहाच्या बाजूने चेलेबी रूमी खानाने सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या: पुढे मोठ्या, मागे मध्यम, त्यामागे हलक्या. विजयनगरची फौज अगदी जवळ आल्यावर त्याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून डागल्या आणि समोरची फळी कोसळली. मुलूखमैदान त्या रणात होती असं परंपरा सांगते. पन्नास टनांची तोफ कृष्णेपर्यंत ओढून नेऊन मैदानात मांडणं किती कठीण होतं हे पाहता ही कथा सावधपणेच ऐकावी लागते. एवढं निश्चित की पुढे ही तोफ निजामशाहीच्या परांडा किल्ल्यात होती. परांडा आज धाराशिव जिल्ह्यात आहे आणि अहमदनगरपासून सरळ रेषेतही शंभराहून अधिक किलोमीटर दूर. म्हणजे तोफ एकदा तरी तेवढी हलली होती.

दुसऱ्यांदा ती हलली १६३२ साली. निजामशाही मोडकळीस आली, परांडा आदिलशाहीकडे आला आणि विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने तोफ विजापूरला न्यायचं ठरवलं. मराठी वाचकाला हा मुरार जगदेव दोन कारणांनी ठाऊक असतो. शहाजीराजांची पुण्याची जहागीर जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवणारा तो हाच. आणि भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, जिथे पुढे तुळापूर हे नाव रूढ झालं, तिथे हत्ती नावेत चढवून नाव किती बुडते ते पाहून हत्तीची तुला करणाराही हाच. ती युक्ती शहाजीराजांनी सुचवली असं सांगतात. अवजड वस्तू हाताळण्याची त्याला हौस होती म्हणायची. परांड्याहून विजापूर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून लांब आहे आणि वाटेत सीना आणि भीमा या नद्या आहेत. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लावून ही तोफ ओढली गेली, असं परंपरेने सांगितलं जातं. तिच्या जोडीची कडकबिजली नावाची तोफ वाटेत नदीत बुडाली, असंही सांगतात.

विजापूरच्या पश्चिम तटावरच्या शेर्जा बुरुजावर, म्हणजे दगडात सिंह कोरलेल्या बुरुजावर, तोफ चढवली गेली. तिथे ती दगडी ओट्यावर खुंटाभोवती फिरवण्याची सोय होती. तिच्यासाठी दगडाचा गोळा घडवायचा तर तो साडेचारशे ते पाचशे किलोंचा भरतो. बत्ती दिल्यावर कान फुटू नयेत म्हणून गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारत, ही कथा विजापूरला प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते.

एप्रिल १६८५ मध्ये मोगल फौजांनी विजापूरला वेढा घातला. दीड वर्ष शहर लढलं आणि सप्टेंबर १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहा शरण गेला. औरंगजेबाने तोफेवर आपल्या विजयाचा फारसी लेख घातला. मैदानाचा राजा आपण जिंकला असा त्याचा भाव. निजामशहाच्या ओताऱ्याच्या नावाशेजारी मोगल बादशहाचं नाव आलं. तोफ मात्र जागेवरून हलली नाही.

काशाच्या तोफेला खरा धोका शत्रूच्या गोळ्यांपेक्षा तिच्या किमतीचा असतो. लोखंडी तोफ गंजत पडून राहते. काशाची तोफ वितळवून नवी तोफ, घंटा किंवा पैसा करता येतो. म्हणूनच दख्खनमध्ये लोखंडी तोफांच्या मानाने काशाच्या फार थोड्या उरल्या. दौलताबादच्या बुरुजावरची मेंढा तोफ ही त्यांतली एक. घंटांचं भाग्य थोडं बरं निघालं. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांच्या मोहिमेतून आलेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला टांगल्या गेल्या आणि आजही तिथे आहेत. त्या वितळवून तोफा केल्या गेल्या नाहीत, ही त्या काळच्या लोकांची पुण्याई.

पेशवाईच्या उत्तरार्धात तोफांची गरजच बदलली होती. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफांचा कारखाना उभा केला तेव्हा त्यांना बुरुजावर बसणारी अवजड तोफ नको होती, फौजेबरोबर धावणाऱ्या हलक्या तोफा हव्या होत्या. १८०३ साली असईच्या लढाईत शिंद्यांच्या आणि भोसल्यांच्या सुमारे शंभर तोफा आर्थर वेलस्लीच्या हाती पडल्या आणि त्यांतल्या शिंद्यांच्या तोफांचं ओतकाम किती चांगलं आहे हे इंग्रजांनी मान्य केलं. रूमीच्या आणि शिंद्यांच्या तोफांमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात तोफ मोठी करण्यापेक्षा ती नेमकी करण्यात कौशल्य आलं होतं.

इंग्रजी अमलात मुलूखमैदानवर दोनदा संकट आलं. १८२३ मध्ये मुंबई सरकारला ती इंग्लंडला पाठवायची होती. पाहणी झाली आणि तेव्हाच्या रस्त्यांवरून एवढं ओझं किनाऱ्यापर्यंत नेणं अशक्य ठरलं. जे वजन ओतताना ओताऱ्याच्या जिवावर आलं होतं, त्या वजनानेच तोफ वाचवली. दुसरं संकट साधं, कारकुनी होतं. साताऱ्याचं राज्य खालसा झाल्यावर विजापूरही कंपनीकडे गेलं. १८५४ साली जुनं निरुपयोगी सामान लिलावात काढायचा हुकूम साताऱ्याच्या कमिशनरकडून निघाला आणि त्या सामानात मुलूखमैदानही होती. बोली आली १५० रुपयांची. चाळीसेक टन तांबं आणि दहा टन कथील असलेल्या तोफेला १५० रुपये, कारण ती फोडून न्यायची कशी हे कुणाला सुचेना. एका साहाय्यक अधिकाऱ्याला तोफेची योग्यता कळली, लिलाव रद्द झाला आणि तोफ जागेवर राहिली.

रूमीने ज्या दोन धातूंचा मेळ घातला तो मेळ आजही महाराष्ट्राच्या कारखान्यांत चालू आहे. कोल्हापूर-इचलकरंजीच्या पट्ट्यातल्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये गनमेटलचं बुश मागितलं की मिळतं. अठ्ठ्याऐंशी भाग तांबं, दहा भाग कथील आणि दोन भाग जस्त हे त्याचं रूढ प्रमाण. तोफा गेल्या, पंप आणि व्हॉल्व्ह आले; तोफेचा धातू त्याच नावाने कामाला राहिला. आजच्या फाउंड्रीतही गाभा सरकतो, वाळू ओली राहिली तर माल सच्छिद्र निघतो आणि ओत मध्ये तुटली तर सांधा दिसतो. फरक एवढाच की आजचा मोल्डर बिघडलेला नग पुन्हा भट्टीत टाकतो. ५५ टनांचा नग बिघडला असता तर महंमद रूमीला दुसरी संधी मिळाली असती का, याचा विचार केला की उस्ताद अली कुलीची घालमेल समजते.

मुलूखमैदानबद्दल आपल्याकडे लिहिलं गेलं ते राजे, वेढे आणि दंतकथांच्या अंगाने. तिचा धातू, तिचा गाभा, तिची ओत यांकडे लक्ष गेलं ते अपवादानेच. तोफेला ओरखडाही न काढता तिच्या आतलं पाहण्याची साधनं आता आपल्या हाताशी आहेत. ध्वनिलहरी आणि क्ष-किरण वापरून भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, गाभा कुठे सरकला का, तळाच्या आणि वरच्या धातूत कथलाचं प्रमाण बदलतं का, हे मोजता येतं. असं मोजमाप झालं तर १५४९ सालच्या अहमदनगरच्या ओतशाळेचा जो हिशेब कुठल्याच बखरीत नाही, तो धातूतूनच वाचता येईल. पुरातत्त्व खात्याने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून हे काम हाती घ्यावं. तोवर विजयपूरला जाणाऱ्या मराठी वाचकाने गोल घुमट पाहून परतू नये. शेर्जा बुरुजाच्या पायऱ्या चढाव्यात, तोफेवरच्या तीन नावांपैकी निजामशहा आणि आलमगीर औरंगजेब यांची नावं ओलांडून तिसऱ्या नावापाशी थांबावं. ते ओताऱ्याचं आहे, आणि ही तोफ सर्वांत आधी त्याचीच आहे.